टिळकांचा मधुमेह, परळची रांग आणि माझं आतडं

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात काही शब्द मोठ्याने ऐकायला संकोच वाटेल असे आहेत. शौच, संडास, आव, रक्त. घरातले सगळे जेवायला बसलेत आणि तुम्ही स्पीकरवर ऐकताय, तर सरळ पॉज करा आणि नंतर या.

आजवर प्लेग, देवी, गिरणीतला टीबी हे सगळं बोलून झालं. आज माझे स्वतःचे दोन आजार. एक, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण होतात, दिवसातून दहादा जावं लागतं आणि रक्त पडतं. हा बाविसाव्या वर्षी आला. दुसरा डायबिटीस, सव्विसाव्या वर्षी. पहिल्याचं औषध दुसऱ्याला चढवतं, दुसऱ्याची गोळी पहिल्याची नक्कल करते, आणि दोघांचं पथ्य एकमेकांच्या विरुद्ध. लालबागला राहते, त्यामुळे या गोष्टीतली निम्मी ठिकाणं माझ्या पायाखालची आहेत. औषधांची नावं येतील, पण हा इतिहास आहे. ऐकून कुणी गोळी बदलायची नाही, थांबवायची तर अजिबातच नाही.

सुरुवात गिरगाव चौपाटीवरून करू. तिथला लोकमान्यांचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलाय, विसर्जनाच्या दिवशी तर टीव्हीवरही दिसतो. १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले आणि चौपाटीवर त्यांचे अंत्यसंस्कार झाले, हे शाळेत शिकवलं जातं. शिकवत नाहीत ते हे, की टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हाही तो होता. 'गीतारहस्य' तिथेच लिहिलं, ते खाण्यापिण्याचं पथ्य सांभाळत. त्या काळी मधुमेहावर पथ्याशिवाय दुसरं काही हातात नव्हतंच. पन्नाशीच्या माणसाचा मधुमेह पथ्यावर काही वर्षं ढकलता यायचा. लहान मुलाला झाला तर आईबापांनी फक्त बघत बसायचं. मूल वाळत जायचं आणि संपायचं.

टिळक गेले ते तापाने आणि न्यूमोनियाने. इन्सुलिन असतं तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही, तो व्हॉट्सॲपवाला इतिहास झाला. पण तारखा बघा. टिळक गेल्यावर वर्षभराने, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातल्या टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट हे दोघं कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढत होते. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिला अर्क अशुद्ध निघाला, मुलाला त्रास झाला. मग जेम्स कॉलिप या केमिस्टने तो शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला आणि साखर उतरली. १९२३ मध्ये नोबेल मिळालं, आणि इन्सुलिनचं पेटंट त्यांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. आज केमिस्टच्या काउंटरवर इन्सुलिनचं बिल हातात घेताना मला तो डॉलर आठवतो. असो.

आता पुन्हा गिरगाव, साल १९४७-४८. गिरगावात डॉ. माधवराव मालवणकरांचा दवाखाना होता आणि तिथे डॉ. शारदा कबीर नावाच्या, ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या डॉक्टर काम करायच्या. त्या दवाखान्यात उपचारांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येत. घटनेच्या मसुद्याचं काम डोक्यावर, पाय रात्रभर दुखतायत, झोप नाही, मधुमेहाने नसांवर परिणाम केलेला, इन्सुलिन सुरू. १५ एप्रिल १९४८ ला या दोघांचं दिल्लीत लग्न झालं. शारदाताई सविता आंबेडकर झाल्या, आपण त्यांना माईसाहेब म्हणतो. पुढची आठ वर्षं बाबासाहेबांची प्रकृती सांभाळणं हा त्यांच्या संसाराचाच भाग होता. 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या त्यांच्या पुस्तकात त्या काळाबद्दल वाचायला मिळेल. माईसाहेबांवर लोकांनी पुढे कसले कसले आरोप केले, तो वेगळा विषय आहे. मला त्यात एवढंच दिसतं, की दीर्घ आजाराच्या माणसाजवळ राहणाऱ्या बाईला आपल्याकडे शाबासकी कमी आणि चौकशी जास्त मिळते.

हे का सांगतेय? मधुमेहाला आपल्याकडे इतिहास आहे म्हणून. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मधुमेह हे नाव आहे. मोठी माणसं त्या आजाराने आजारी होती हे लिहून ठेवलेलं आहे. १९५५ मध्ये मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकरांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली, आणि माहीमचं रहेजा हॉस्पिटल त्याच कामातून पुढे आलं. घरात कुणाला साखर आहे म्हटलं की चहा वेगळा होतो, शेजारच्या काकू कारल्याचा रस सुचवतात, ऑफिसात सुद्धा सहज सांगता येतं. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत भारतात दहा कोटींहून जास्त लोक निघाले. एवढी गर्दी म्हटल्यावर लाज कसली?

आतड्याच्या आजाराचं मात्र असं काहीच झालं नाही.

लंडनच्या सॅम्युअल विल्क्सने १८५९ मध्ये अशा आतड्याचं वर्णन केलं. त्याचा भाऊबंद क्रोन्स डिसीज, त्यावर न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा निबंध १९३२ ला आला. आपल्याकडे ही नावं खूप उशिरा रुळली. रक्त पडतंय? आव आहे. वर्षभर पडतंय? जुनी आव आहे. फारच खंगला तर संग्रहणी. त्यात डॉक्टरांचीही फार चूक म्हणता येत नाही, कारण अमीबाची आव खरोखरच घरोघरी होती. १९१२ मध्ये कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सने त्यावर एमेटिनचं इंजेक्शन वापरायला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक वर्षं रक्ती आव दिसली की एमेटिन हे ठरलेलं होतं. ज्यांना अमीबा नव्हताच, त्यांनाही.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ गिरणीत होता. सतत आव. सुट्ट्या, कापलेला पगार, पुन्हा आव. चाळिशीच्या आत गेला. आजी अजून म्हणते, त्याला बाहेरचं खाणं बाधलं. मला माझं निदान झालं त्या रात्री पहिल्यांदा त्याची आठवण आली, आणि मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

दुसरी गल्लत टीबीची. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात टीबी होतो तेव्हा तो हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. दुर्बिणीतून सारखा, फोटोत सारखा, कधीकधी तुकडा तपासूनही सारखाच. गिरण्यांच्या या भागात, जिथे एका खोलीत दहा-बारा माणसं पाळीपाळीने झोपायची, तिथे डॉक्टर आधी टीबीच धरणार. आणि इथे चूक दोन्हीकडून महागात पडते. क्रोन्सला टीबीच्या गोळ्या दिल्या तर महिने वाया जातात. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं, तर टीबी मोकाट सुटतो. म्हणून आजही आपल्याकडे अनेकांना आधी काही महिने टीबीचं औषध देऊन बघतात. आता यात साखर घाला. मधुमेह असला की टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. आणि आतड्याच्या आजारावरची १९९८ नंतर आलेली बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब वगैरे, झोपलेला टीबी जागा करू शकतात. त्यामुळे ती सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतात. दोन आजार माझे, तिसरा शहराचा.

पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी लोकांमध्ये फिरून पाहणी केली आणि २००३ मध्ये आकडा छापला, लाखात साधारण ४४ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. तोवर हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं बरेच जण मानून चालले होते.

आता औषधाकडे, कारण माझे दोन आजार तिथेच एकमेकांना भेटले. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये सांधेदुखीच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेला माणूस चालायला लागला. १९५० ला त्यावर नोबेल. मग ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी तेच औषध कोलायटिसवर नीट तपासलं. काही रुग्णांना खरं औषध, काहींना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. १९५५ मध्ये निकाल छापला, कॉर्टिझोनवाले जास्त संख्येने बरे झाले होते. तीव्र झटका कुणाला म्हणायचं याची त्यांची मोजपट्टी, दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, वाढलेली नाडी, ताप, घसरलेलं हिमोग्लोबिन, अजूनही आपल्या डॉक्टरांच्या तोंडी आहे. १९५५ हे साल लक्षात आलं का? मुंबईत डायबेटिक असोसिएशन निघाली तेच साल. एकीकडे साखर उतरवायला संस्था आणि त्याच वर्षी साखर चढवणाऱ्या औषधावर मोहोर.

स्टेरॉइड साखर चढवतं ते अगदी त्याच्या पद्धतीने. यकृत जास्त साखर सोडायला लागतं, आणि शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. पण सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा जोर दुपारनंतर दिसतो. मला चाळीस मिलिग्रॅम सुरू होतं तेव्हा सकाळी उपाशीपोटी ९८, अगदी शाळेतल्या हुशार मुलीसारखं. आणि संध्याकाळी पाच वाजता ३१०. फक्त उपाशीपोटी तपासत राहिलं असतं तर कळलंच नसतं. माझ्या वडिलांकडे साखर आहे, त्यामुळे स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद झालं तरी माझी साखर परत खाली बसली नाही. सगळ्यांचं असं होत नाही, बऱ्याच जणांची उतरते. डेन्मार्कमधल्या एका देशव्यापी अभ्यासात आतड्याच्या या आजारांबरोबर टाइप २ डायबिटीस इतर लोकांपेक्षा जास्त आढळलाय. म्हणजे ही जोडगोळी माझ्या एकटीच्या नशिबाची नाही.

मग मेटफॉर्मिन. गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका रानटी झाडाच्या अभ्यासातून निघालेलं हे औषध, फ्रान्सच्या ज्याँ स्टर्नने १९५७ मध्ये मधुमेहासाठी पुढे आणलं. स्वस्त, चांगलं, जगभर चालणारं. त्याचा सगळ्यात नेहमीचा त्रास कुठला? जुलाब! आता मला सांगा, सकाळी चार वेळा पळावं लागलं तर मी काय समजायचं? आतडं पुन्हा भडकलं की गोळी बोलतेय? माझ्या डॉक्टरांनी हळूहळू सुटणारी गोळी दिली, डोस बारीक बारीक पावलांनी वाढवला, आणि मला एक खूण शिकवली, रक्त आणि रात्री झोपेतून उठवणारी कळ. त्या दोन्ही असल्या तर फोन करायचा, गोळीवर ढकलायचं नाही.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणीसुद्धा आमच्यासारख्यांना फसवते. ती रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. रक्त जाऊन जाऊन लोह कमी झालं, तर आकडा खोटा वर दिसू शकतो. काही औषधांनी तांबड्या पेशी लवकर फुटायला लागल्या तर खोटा खाली. त्यामुळे बोट टोचून रोजचे आकडे लिहिण्याला पर्याय नाही. दोन्ही आजार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा.

आणि जेवण. माझी आजी खाणावळ चालवायची. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या शेकडो बाया होत्या, त्यांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, ती गोष्ट आपण आधी केलीय. तर आजीच्या शास्त्रात आजाऱ्याला काय द्यायचं हे पक्कं होतं. पोट बिघडलंय? मऊ भात, वरणाचं पाणी. साखर आहे? भात बंद, ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, कच्ची काकडी. दोन्ही असलेलं माणूस तिच्या खाणावळीत कधी आलंच नाही. आतडं भडकलेलं असताना भाकरी-उसळ म्हणजे काचा गिळणं. आणि मऊ भात खाल्ला की दोन तासांत मीटर ओरडतो. आम्ही काढलेला मार्ग असा, भडकलेल्या दिवसांत भातच, पण वाटी मोजून, त्यात मुगाची डाळ, अंडं किंवा उकडलेला मासा जास्त, आणि साखर वाढली तर त्या दिवसांपुरतं इन्सुलिन. शांत दिवसांत भाकरी परत. त्यातही खरी भीती उलटी असते. इन्सुलिन घेतलं आणि पोटात कळ येऊन जेवणच गेलं नाही, तर साखर धाडकन खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो. गणपतीत लालबागच्या गर्दीत मला एकदा असं झालं, आणि खिशातल्या ग्लुकोजच्या पुडीआधी एका अनोळखी मावशीने प्रसादाचा पेढा तोंडात घातला. मावशी, ऐकत असाल तर धन्यवाद.

चाळीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे जाणार नाही. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, परळची बीआयटी चाळ त्याचीच. बाबासाहेब १९१२ पासून वीसेक वर्षं तिथे दोन खोल्यांत राहिले. मग १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीच्या बीडीडी चाळी. या सगळ्यांत संडास सामायिक, मजल्याच्या टोकाला. सकाळी बादली घेऊन रांग. ज्याला दिवसात दहा वेळा, सांगून न येणाऱ्या घाईने जायचंय, त्याने या रांगेत काय केलं असेल? मी लहानपणची दहा वर्षं अशाच चाळीत काढलीत. आजारी पडले तेव्हा आमचं बांधकाम होऊन गेलं होतं, घरात संडास होता. पुनर्विकासाबद्दल बिल्डरांना शिव्या घालणाऱ्यांत मीही असते, पण ती एक कडी लागणारी चार बाय चारची खोली माझ्यासाठी औषधाइतकीच आहे. इन्सुलिनचंही तसंच. आजी सांगते, फ्रीज यायच्या आधी समोरच्या मास्तरांची इन्सुलिनची बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात असायची आणि काचेची सिरिंज रोज उकळायची. आता फ्रीज आहे, पण दादरच्या पुलावर अडकलं तर संडास कुठे? २०११ पासून मुंबईतल्या बायांनी 'राइट टू पी'ची मोहीम चालवली ती लघवीसाठी, आणि साखरवाल्यांना तीही लागते. आमची गरज तर त्याहून घाईची.

शेवटची गोष्ट माझी सगळ्यात आवडती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या डॉ. नन्ना श्वार्ट्स सांधेदुखीसाठी एक औषध बनवत होत्या, सल्फासॅलाझिन. सल्फा आणि अॅस्पिरिनच्या जातीतला एक रेणू, दोन्ही एकत्र जोडलेले. त्याचा गुण कोलायटिसवर आला. तेच पुढे कित्येक वर्षं जगभर वापरलं गेलं, पण जोडीतला खरा कामाचा तुकडा कोणता हे ठाऊक नव्हतं. पुष्कळांना सल्फाने डोकेदुखी, मळमळ, पुरळ. ऑक्सफर्डला त्याच ट्रूलव्ह यांच्याकडे ढाक्याहून एक तरुण डॉक्टर आला होता, ए. के. आझाद खान. त्याने साधा विचार केला. औषध मोठ्या आतड्यात जाऊन तुटतं, तर आपण आधीच तोडलेले तुकडे वेगवेगळे एनिमाने आतड्यात सोडून बघू. काहींना पूर्ण औषध, काहींना फक्त सल्फा, काहींना फक्त दुसरा तुकडा. १९७७ मध्ये उत्तर छापून आलं. काम सल्फा करतच नव्हता, दुसरा तुकडा करत होता. त्या तुकड्याला आज आपण मेसालामिन म्हणतो. मी रोज रात्री घेते ते हेच.

आणि हे डॉ. आझाद खान पुढे ढाक्याला परत गेले आणि बांगलादेशच्या डायबेटिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. आतड्याचा माणूस, साखरेच्या संस्थेत. मला हे कळलं तेव्हा माझ्या दोन फायलींकडे बघून हसायला आलं. कारण मी जिथे जाते तिथे आतड्याची ओपीडी एका मजल्यावर आणि साखरेची दुसऱ्या, वार वेगळे, केसपेपर वेगळे. मध्ये जिना आहे, तो मी चढते. आता मी एकच वही करते. डाव्या पानावर शौचाच्या वेळा आणि रक्त, उजव्या पानावर साखर, खाली त्या दिवशीचं जेवण आणि स्टेरॉइडचा डोस. दोन्हीकडे तीच वही टेबलावर ठेवते. साखरेच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा डावं पान वाचलं आणि मेटफॉर्मिनची वेळ बदलली.

आता एक काम तुमच्याकडे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर, कुठेही, घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांच्या औषधाच्या चिठ्ठ्या, गिरणीचे आजारपणाचे दाखले, एमेटिनच्या इंजेक्शनची बिलं सापडली, तर फोटो काढून पाठवा. नावं झाकून पाठवा, नावं मला नकोत. 'जुनी आव' असं लिहिलेला कागद मात्र हवाय.